छिन्नीमावशीची हनुवटी

छिन्नीमावशी बसस्टॉपवर एका पायावर उभी दिसली की गल्लीने समजून जायचं, आता दगडातून बगळा निघणार. अशा वेळी बोलायचं नाही, हसायचं नाही आणि 'अहो, पडाल!' म्हणत तिचा हात तर मुळीच धरायचा नाही. एका भल्या माणसाने एकदा धरला होता. "मासा घालवलात माझा!" ती त्याच्यावर अशी खेकसली की तो बिचारा बसचा नाद सोडून चालतच घरी गेला.

तिचं लग्नसुद्धा बगळ्यानेच जुळवलं. तेव्हा ती पोरसवदा होती. स्टॉपमागच्या डबक्यात खराखुरा बगळा उभा होता आणि त्याच्याकडे बघता बघता इकडे हिने पाय उचलला, मान आखडली, खांदे वर चढवले. तेवढ्यात बस आली. दारात लोंबकळणारा तरणाबांड कंडक्टर म्हणाला, "ओ बाई, चढताय की उडताय?"

मान न वळवता ही म्हणाली, "थांबा जरा. अजून मासा यायचाय."

कंडक्टरने घंटीची दोरी धरली, पण ओढली नाही. आख्खी बस खोळंबली. मागून शिव्या, पुढून हॉर्न. शेवटी डबक्यात चोच गेली, मासा वर आला, हिने पाय खाली टेकवला, आणि मगच टिंग टिंग. जो माणूस बगळ्यासाठी बस थांबवतो तो आपल्यासाठी काहीही थांबवेल, असं तिने तिथल्या तिथे ताडलं, आणि तिचा अंदाज चुकला नाही.

तेच ते कंडक्टरकाका. आता रिटायर झालेत, पण बस काही त्यांच्यातून उतरलेली नाही. स्वयंपाकघरात दुसरं माणूस आलं की, "पुढे सरका, पुढे सरका, मागच्यांना जागा द्या!" ताट उचललं की, "चला, शेवटचा स्टॉप!" खिशात अजून जुना लोखंडी तिकीटपंच असतो, तो दाराच्या कडीवर आपटायचा आणि तोंडाने घंटी द्यायची. एक टिंग म्हणजे स्वारी रागावलीय, थांबा. दोन टिंग म्हणजे सगळं ठीक, जाऊ द्या. बायकोच्या प्रत्येक नव्या मूर्तीला त्यांची पावती तीच: टिंग टिंग.

मावशीची कामाची रीत एकच. आधी अंगात, मग दगडात. कागदावर ती काही काढत नसे. हातात पेन्सिल दिली तर ती अंबाड्यात खोचून टाकायची. गोगलगाय करायची होती तेव्हा पाठीवर गादीची वळकटी बांधून ती अंगणातून सरपटत निघाली.

"अगं, चहा झालाय!"

"येतेय."

"कधी?"

"उद्या."

लोक म्हणायचे, बाईच्या अंगात येतं. खरंच यायचं. फक्त देव न येता कधी कासव यायचं, कधी सुरवंट, कधी वाऱ्याने वाकलेलं झाड. आणि मग ते दगडात असं उतरायचं की बघणाऱ्याचा हात आपोआप पुढे व्हायचा. तिचे वडील पाथरवट होते. पायऱ्या, उंबरे, नळाखालच्या कुंड्या हे त्यांचं काम. लहानपणी तिने अशाच एका कुंडीच्या काठावर गुपचूप गोगलगाय कोरली. कुंडी गिऱ्हाइकाकडे गेली. आठवड्याने ती गिऱ्हाईक बाई फणफणत आली. "रोज मीठ टाकतेय मी हिच्यावर! मरत कशी नाही मेली?" वडील हसून हसून खोकायला लागले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली एक छिन्नी लेकीपुढे ठेवली. ते नाव तिला तिथून चिकटलं.

मग आला साप. दगडांच्या ढिगाऱ्यात एक बिनविषारी लांबलचक धूड राहायचं. मावशी पालथी पडली, हात अंगाला चिकटवले, हनुवटी फरशीला टेकवली आणि पडून राहिली. अंगणाच्या पलीकडच्या टोकाला वडील काम करत होते. त्यांचा घाव पडला की कानात आवाज यायच्या आधी तिचे दात झिणझिणायचे.

"बाबा, साप दातांनी ऐकतो!"

"ऐकू दे त्याला. तू ऊठ आणि जेवायला चल, नाहीतर तुझी आई मला चावेल."

वडिलांनी तिला आणखी एक गोष्ट दिली होती, छिन्नीपेक्षा मोठी. ती म्हणजे कान. ते म्हणायचे, दगडाला आधी विचारायचं, मग हात लावायचा. दगडावर पाणी ओतलं की वरच्या भेगा दिसतात, कारण भेग उशिरा सुकते. पण आतला तडा पाण्याला काय कळणार? त्यासाठी हातोडीने एक टोला मारायचा आणि गप्प राहायचं. निर्मळ दगड 'टण्ण्ण्ण' करतो आणि बराच वेळ करत राहतो, जणू कुणी बोलावलं म्हणून निघाला आणि रस्त्यात गाणं म्हणतोय. तडा गेलेला दगड नुसता 'ठप्प'. उधारी मागितल्यावर माणूस बोलतो तसा.

त्या कानाच्या जोरावर मावशीने उभ्या आयुष्यात एकही फसवा दगड घरी आणला नाही. ती दिसली की खाणवाला कपाळाला हात लावायचा. "आल्या परीक्षक! आज माझी सगळी पोरं नापास."

आणि नेमका तोच कान जायला लागला.

जन्मभर घाव घालून दुसरं काय व्हायचं? पहिल्यांदा गेली चिमणी. कुंपणावर बसून चोच उघडते, मिटते, गळा फुगवते, आणि आवाज नाही. काचेपलीकडची वाटावी अशी. मग किटलीची शिट्टी गेली. मग कंडक्टरकाकांची टिंग टिंग गेली. हे मात्र तिला लागलं. ओठांवरून एक की दोन एवढं कळायचं, पण घंटी ती घंटी.

तिने कुणाला सांगितलं नाही. दगड ज्याला ऐकू येत नाही त्याने दगडाचं काम करू नये, असं तिचे वडील म्हणायचे, आणि काम सोडलं तर आपण उरतो कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. म्हणून तिने एक युक्ती काढली. कुणी काहीही बोललं की उत्तर एकच: "बघू."

"मावशी, नळाला पाणी आलंय."

"बघू."

ही बनवाबनवी सगळ्यांवर चालली, एका नणंदेवर चालली नाही. नणंदबाई शेजारच्याच घरात राहायच्या आणि सगळी नोकरी त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून केली होती. अजून घरातसुद्धा, "दादा, जरा थांब, बोलणं चालू आहे," असं नाकातून, गोड आवाजात. त्यांनी एक दिवस मावशीच्या पाठीमागे उभं राहून तसंच गोड म्हटलं, "वहिनी, तुमच्या पदराला आग लागलीय."

"बघू," मावशी म्हणाली आणि छिन्नी चालवत राहिली.

नणंदबाई समोर आल्या, कंबरेवर हात ठेवून ओठ फाकवत म्हणाल्या, "वहिनी. तुमची लाईन खराब झालीय."

"वन्सं, तुम्ही तुमचं एक्स्चेंज सांभाळा."

अशा दिवसांत मुलांच्या हॉस्पिटलच्या मेट्रनबाई घरी आल्या. आयुष्य झोपलेल्या मुलांत गेल्यामुळे मेट्रनबाई भर दुपारी, भर रस्त्यातसुद्धा कुजबुजत. मावशीच्या दृष्टीने तर त्या नुसत्याच ओठ हलवत होत्या. सगळं कंडक्टरकाकांनी मोठ्याने परत सांगितलं, पुढच्या स्टॉपचं नाव पुकारावं तसं. हॉस्पिटलच्या चौकात एक प्राणी हवाय. मोठा. मुलं त्याच्यावर चढतील, लोंबकळतील, गळ्यात पडतील. "आणि बाई म्हणतात, बाकी कसाही असो, तुटता कामा नये!"

"बेडूक," मावशी म्हणाली.

मेट्रनबाई चमकल्या. ससा, हरीण असं काहीतरी त्यांच्या मनात असावं.

"जे मूल महिनाभर पलंगावर बसून आहे त्याला पळणारा प्राणी कशाला दाखवायचा? बसलेला दाखवायचा," मावशी म्हणाली. "पण असा बसलेला, की कुठल्याही क्षणी उडी मारेल."

मेट्रनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कंडक्टरकाकांनी दाराच्या कडीवर पंच आपटला. टिंग टिंग.

खाणीत मावशीने एक भलामोठा करडा दगड निवडला. पाणी ओतलं, सुकू दिलं, एकही भेग नाही. मग हातोडीचा टोला मारला. खरं सांगायचं तर तिला नुसती दबकी धप ऐकू आली. पण इतकी वर्षं तो 'टण्ण्ण्ण' ऐकला होता की कानाने दिला नाही तो आवाज आठवणीने दिला. खाणवाला अंगठा वर करून म्हणाला, "एक नंबर!" त्याचे ओठ तिने बरोब्बर वाचले. हातोडी पिशवीत टाकली. "पास."

मग तिच्या अंगात बेडूक आला. अंगणातल्या पाण्याच्या टाकीखाली एक गलेलठ्ठ बेडूक राहायचा, त्याच्यासमोर ती उकिडवी बसायची. नणंदबाई कुंपणावरून म्हणायच्या, "दादा, जा रे, वहिनींना माशी पकडायला मदत कर." पण बेडकाचं बसणं काय असतं हे मावशीने शोधून काढलं. तो पोटावर बसत नाही, मागच्या मांड्यांवर बसतो. सगळी उडी त्या मांड्यांत घडी घालून ठेवलेली असते, पेटीत नवी साडी ठेवावी तशी. ती घडी तिने दगडात घालायला घेतली. पाठ उतरली, घसा उतरला, पापण्या उतरल्या. आता डावी मांडी. शेवटचा हात फिरवायचा म्हणून तिने छिन्नी टेकवली, हलकेच टोला दिला, आणि आख्खी मांडी सुटून धाडकन जमिनीवर आली.

तो आवाज मात्र तिला ऐकू आला. पायांतून.

मावशीने वाकून बघितलं. फुटलेली बाजू ताजी असती तर करडी असती. ही आतून तांबूस होती, गंजल्यासारखी. म्हणजे तडा आजचा नव्हता. खाणीतूनच पोटात लपून आला होता, आणि तिने त्याला पास केलं होतं. मांडी जिथे पडली होती तिथे तिने नंतर बराच वेळ बघितलं. मुलं बेडकावर बसली की त्यांचे पाय बरोब्बर तिथे लोंबणार होते.

तिने एकेका छिन्नीला तेल लावलं, सगळ्या गोणपाटात गुंडाळल्या आणि गाठ मारली. कंडक्टरकाका दारात येऊन उभे राहिले.

"मेट्रनबाईंना सांगा, दुसरं कुणीतरी बघा," ती म्हणाली. "मला ऐकू येत नाही हो."

"माहितीय."

ते तिने ओठांवरून वाचलं. "कधीपासून?"

"हल्ली मी घंटी द्यायला तुझ्यासमोर येऊन उभा राहतो," काका म्हणाले. "आधी मागूनच द्यायचो."

मावशीने आठवून बघितलं. खरंच की. कितीतरी दिवसांत हा माणूस पाठीमागून काही बोललाच नव्हता.

पण काका हात बांधून बसणारे नव्हते. "अगं, तुझा कान गेला, माझे दोन आहेत. तू ठोक, मी ऐकतो!" अंगणात जुन्या दगडांची रांग लावली. मावशीने निर्मळ दगडावर टोला मारला.

"टण!" काका म्हणाले.

मग मुद्दाम तडकलेल्या दगडावर.

"टण!"

"अहो, नीट ऐका."

"ऐकतोय ना! सगळेच टण करतायत. दगडाने दुसरं काय करायचं? टाळ्या वाजवायच्या?"

नणंदबाईंना बोलावलं. त्यांनी डोळे मिटून, तर्जनी कानाशी नेऊन दोन्ही दगड ऐकले आणि तडकलेल्याकडे बोट दाखवलं. "याचा आवाज जास्त स्पष्ट येतोय." मावशी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. दोघांचे मिळून चार धडधाकट कान होते, आणि वडिलांनी तिच्या एका कानात जे घातलं होतं ते त्या चारांत मिळून नव्हतं. हसली, आणि मग आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

गोणपाटाची गाठ तशीच राहिली. दिवसभर करायचं काय? सवयीने एका सकाळी ती टाकीपाशी बेडकासमोर जाऊन बसली. आता काही कोरायचं नव्हतं, म्हणून ती नुसतीच बघत होती. बघता बघता खाली सरकली, कोपर टेकले, हनुवटी सिमेंटच्या ओट्यावर टेकवली. बेडूक आणि ती, नाकासमोर नाक. अचानक बेडकाने अंग चपटं केलं आणि सुर्रकन टाकीखाली. का? काहीच तर नव्हतं. आणि मग तिच्या खालच्या दातांना मुंग्या आल्या. बारीक, मग जाड, मग थरथर. तिने मान न हलवता डोळे वर केले. कोपऱ्यावरून कचऱ्याची गाडी गल्लीत वळत होती.

मावशी हलली नाही. फरशी, ऊन, पालथं पडलेलं आपलं लहानपण आणि पलीकडे बाबांचा हातोडा, सगळं तिच्या दातांत झिणझिणत होतं.

मग ती अशी उठली की काकांच्या हातातला पेपर उडाला. "अहो! हातोडी घ्या!"

"कुठे लागली आग?" काकांनी विचारलं, पण निघाले.

तिने बेडकाच्या उरलेल्या धडावर हनुवटी रुतवली, दात दातांवर घट्ट मिटले. "ठोका! उजवीकडे!" काकांनी ठोकलं. दातांतून एक बारीक थरथर निघाली, जबड्यात गेली, गालफडात गेली आणि कितीतरी वेळ फिरत राहिली. आवाज नव्हता तो. पण 'टण्ण्ण्ण'ची चाल तीच, लांबी तीच. "आता डावीकडे!" काकांनी ठोकलं. एक धक्का, आणि काही नाही. दार लागल्यासारखं.

"मेला!" मावशी ओरडली. "अहो, मेला! जागच्या जागी मेला!"

नणंदबाई एक चप्पल घालून धावत आल्या. "कोण? कोण गेलं? दादा, बोल ना, कोण गेलं?"

"आवाज मेला, वन्सं!" आणि मावशीने त्यांना मिठीच मारली. नणंदबाईंची लाईन तेवढ्यापुरती संपूर्ण बंद पडली.

खाणीत मात्र हसू झालं. मावशी एकेका धोंड्यासमोर गुडघे टेकते, दोन्ही हातांनी त्याला कवटाळते, हनुवटी दाबते आणि काका ठोकतात. कामगार कामं सोडून जमले.

"मावशी, मुका घेताय का दगडाचा?" खाणवाल्याने विचारलं.

"बिनतिकीट प्रवाशांनी बोलू नये," काका म्हणाले आणि ठोकलं.

नापास. नापास. खाणवाल्याचा लाडका, कापडाने झाकून ठेवलेला दगड, तोही नापास. हनुवटी सोलपटली, तिला रुमाल बांधला तर थरथर कळेना, म्हणून रुमाल फेकून दिला. शेवटी राहिला एक बुटका, रुंद धोंडा. कामगार त्याच्यावर बसून डबा खायचे, त्यामुळे त्याला कुणी विकायचा दगड समजतच नव्हतं. मावशीने त्याच्यावर जबडा टेकवला. काकांनी टोला मारला आणि वाट बघितली. ही उठेना. त्यांनी दुसऱ्या टोल्यासाठी हात उचलला, तशी तिने मान न हलवता एक बोट वर केलं.

थांबा जरा.

काकांनी हातोडी हवेत धरली, पण मारली नाही. खाणवाला हसायचा थांबला. धूळ खाली बसली. दगडात शिरलेला तो टोला अजून आत कुठेतरी चालत होता, आणि मावशी डोळे मिटून त्याला शेवटच्या पावलापर्यंत पोचवत होती.

"पास," ती म्हणाली.

हॉस्पिटलच्या चौकात आता जो बेडूक बसलाय तो त्याच दगडाचा. त्याच्या प्रत्येक भागाला कोरण्याआधी तिने असंच विचारलं, मांड्यांना तर दोनदोनदा. तो बसवला त्या दिवशी मेट्रनबाई जवळ येऊन काहीतरी कुजबुजल्या. मावशीच्या तोंडावर 'बघू' आलं होतं, ते तिने गिळलं.

"बाई, मला ऐकू येत नाही. जरा मोठ्याने बोला."

मेट्रनबाईंनी इकडे तिकडे बघितलं, श्वास घेतला आणि ओरडल्या, "मजबूत आहे ना?" आवाज असा दणदणीत निघाला की वरच्या मजल्यावरच्या नर्स खिडक्यांत आल्या. मेट्रनबाईंना स्वतःलाच आपला आवाज आवडला असावा, कारण त्यांनी तेच परत एकदा विचारलं.

उत्तर मुलांनी दिलं. सहा-सात जणं एकदम पाठीवर चढली. पायाला प्लास्टर घातलेली एक मुलगी मांडीच्या घडीत जाऊन अशी बसली, जणू ती जागा तिच्या मापानेच काढली होती. पाय लोंबायला लागले. खाली काहीच पडलं नाही.

"आजी, तुमच्या हनुवटीला काय झालं?" तिने विचारलं. मावशीने ओठ वाचले, आणि बोलून सांगण्यापेक्षा वाकून बेडकाच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. मुलीनेही मांडीवर टेकवली. मग पाठीवरच्या सगळ्यांनी. चौकात एकदम शांतता.

कंडक्टरकाका पलीकडच्या बाजूला उभे होते, बायकोला दिसणार नाही अशा जागी. त्यांनी खिशातून पंच काढला आणि बेडकाच्या पाठीवर आपटला.

एक. आणि लगेच दुसरा.

मुलं खिदळत किंचाळली. मावशी मात्र हनुवटी न उचलता तशीच राहिली. कितीतरी दिवसांनी ती घंटी तिला न बघता कळली होती.